वाचता येतं, पण कळत नाही: मराठी माध्यमाच्या वर्गात इंग्रजी उतारा समजून घ्यायला कसं शिकवावं

पुढचं वाक्य वाचा. ‘झिंपट लोकण्याने घोरवीत फुरडा टिंबला.’ आता प्रश्न. फुरडा कोणी टिंबला? झिंपट लोकण्याने. कुठे टिंबला? घोरवीत. लोकण्याने काय केलं? फुरडा टिंबला. तिन्ही उत्तरं बरोबर, पैकीच्या पैकी गुण, आणि वाक्याला अर्थ म्हणून काहीच नाही.

मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी उताऱ्याखालचे प्रश्न मुलं बहुतेक वेळा असेच सोडवतात. प्रश्नातला एखादा ठळक शब्द पकडायचा, तो उताऱ्यात शोधायचा, सापडला की ती ओळ फुलस्टॉपपर्यंत उतरवून काढायची. वही तपासताना उत्तर बरोबर दिसतं, म्हणून आपण पुढे जातो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही आठवीतला मुलगा उतारा खणखणीत वाचतो आणि ‘यात काय झालं रे?’ असं विचारलं की खाली बघतो. मुलांना काय येतं हे तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत २०२३ साली देशभरातल्या २८ जिल्ह्यांतली १४ ते १८ वयाची मुलं होती. त्यांपैकी ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि वाचता आलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. ती वाक्यं अगदी साधी, सुटी होती. सलग उताऱ्यात काय होत असेल, याचा अंदाज शिक्षकांना आहेच.

हा लेख सहावी ते नववीला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांनाही तो वापरता येईल. माझं मुख्य म्हणणं असं आहे: आपल्या वर्गात उताऱ्याचा अर्थ काढण्याचं काम शिक्षक करतात. सर ओळ वाचतात, मराठीत सांगतात, पुढची ओळ वाचतात. मुलांना गोष्ट कळते, पण ती सरांच्या मराठीतून कळते. छापील इंग्रजीतून अर्थ काढण्याचा सराव फक्त सरांना होतो. हे काम मुलांकडे सोपवायचं आहे. ते करताना मुलांनी मराठीत विचार केला, मराठीत बोलली, तर बिलकूल हरकत नाही.

सगळ्या पायऱ्या एकाच उताऱ्यावर दाखवतो. इथे तो देवनागरीत आहे, फळ्यावर तो रोमन लिपीतच लिहायचा.

‘द लास्ट बस टू वाडी लीव्हज ॲट सिक्स. सुमन रीच्ड द स्टँड ॲट टेन पास्ट सिक्स. शी हॅड रन ऑल द वे. थ्री विमेन वेअर स्टिल सिटिंग ऑन द बेंच विथ देअर बास्केट्स. वन ऑफ देम लुक्ड ॲट सुमन्स फेस अँड सेड, “डोन्ट वरी. इट इज लेट टुडे.” सुमन स्माइल्ड अँड सॅट डाउन.’

सहावीच्या मुलाला यात अवघड वाटावा असा शब्द क्वचितच सापडेल. पण ‘सुमनची बस चुकली का?’ असं विचारा. सहाची बस, सहा वाजून दहा मिनिटांनी आली, शिवाय ‘लेट’ हा शब्दही आहे. म्हणून पुष्कळ मुलं छातीठोकपणे सांगतील, ‘हो, चुकली.’ शब्द सगळे माहीत असूनही गोष्ट उलटी कळते. आकलन शिकवायचं म्हणजे हेच शिकवायचं.

आधी अडतंय कुठे ते शोधा

‘वाचन कच्चं आहे’ या एका शेऱ्याखाली तीन-चार वेगळे आजार दडलेले असतात आणि प्रत्येकावरचं औषध वेगळं असतं. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: आकलन म्हणजे अक्षरांतून शब्द उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोहोंतलं एक शून्य असेल, तर दुसरं कितीही असलं तरी हाती शून्यच येतं.

तपासणी अशी करा. वर्गातल्या ज्या मुलांविषयी शंका आहे, त्यांना मधल्या सुट्टीत किंवा इतर मुलं स्वाध्याय लिहीत असताना एकेक करून बोलवा. पहिल्यांदा मूल स्वतः उतारा वाचेल आणि काय झालं ते मराठीत सांगेल. नाही सांगता आलं, तर तुम्ही तोच उतारा इंग्रजीतच, सावकाश वाचून दाखवा आणि पुन्हा विचारा. ऐकून कळलं आणि वाचून कळलं नाही, तर अडचण अक्षरवाचनात आहे. ऐकूनही कळलं नाही, तर साधारण त्याच धाटणीची एखादी मराठी गोष्ट वाचायला द्या. मराठीतलं सगळं नीट सांगितलं, तर मुलाची समज उत्तम आहे, कमी पडतात ते इंग्रजी शब्द आणि वाक्यरचना. मराठीतही ‘बाई का हसली’ हे सांगता येत नसेल, तर सुरुवात मराठी पुस्तकापासून करायला हवी आणि त्यासाठी मराठीच्या शिक्षकांना सोबत घ्यायला हवं.

ही शेवटची गोष्ट सहसा कोणी करत नाही, आणि तिचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९पासून मांडलेला विचार असा, की एका भाषेत कमावलेली अभ्यासाची कौशल्यं दुसऱ्या भाषेत उतरतात. मराठी वाचताना मधलं न लिहिलेलं ओळखायला शिकलेलं मूल इंग्रजीतही ते करू लागतं. मात्र त्यासाठी इंग्रजीचे पुरेसे शब्द हाताशी असावे लागतात.

ज्यांचं अक्षरवाचनच अडलं आहे

मराठीत ‘क’ला काना दिला की ‘का’, मग शब्द कुठलाही असो. इंग्रजीत ‘पुट’ आणि ‘बट’ एकाच स्वरचिन्हाने लिहितात. मूल गोंधळतं, आणि त्यातून सुटायला पुस्तकात प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहून ठेवतं. मग ते इंग्रजी वाचतच नाही, वरची देवनागरी ओळ वाचतं. ही सवय मोडायलाच हवी. एकदम बंदी घालू नका. पानात पाचच शब्दांवर लिहायची मुभा द्या, पुढच्या आठवड्यात तीन. या मुलांसाठी रोज तासाची पहिली दहा मिनिटं राखून ठेवा. एका दिवशी एकच अक्षरगट घ्या, उदाहरणार्थ ‘लाइट, नाइट, राइट, फाइट’ हे एकाच घराण्यातले शब्द. तेच शब्द असलेली दोन वाक्यं लगेच वाचायला द्या. सुट्या शब्दांच्या याद्या घोकून घेण्यात अर्थ नाही, शब्द वाक्यात भेटला तरच टिकतो.

आठवीतल्या मुलाला पहिलीचं चित्रांचं पुस्तक हातात देऊ नका. त्याला लाज वाटते आणि तो वाचन सोडतो. त्याच्या वयाचा विषय घ्या, भाषा तेवढी सोपी करा.

उतारा कोणता निवडावा

शंभर शब्दांच्या उताऱ्यात मुलाला न येणारे शब्द किती असावेत? हू आणि पॉल नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासातून पुढे आलेला आकडा असा, की कोणाच्या मदतीशिवाय वाचून समजायला सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. म्हणजे शंभरात दोन अनोळखी. शिक्षक सोबत असतील तर पाचपर्यंत चालतं. आता पाठ्यपुस्तकातला कोणताही धडा उघडा आणि वर्गातल्या मधल्या फळीतल्या मुलाला अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगा. शंभरात पंधरा-वीस रेघा दिसल्या, तर त्या धड्यावर आकलनाचा सराव होऊच शकत नाही. तिथे मुलासमोर भाषांतर ऐकत बसण्यावाचून मार्ग उरत नाही.

हे दुखणं जुनं आहे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी १९२०च्या दशकात ढाक्याला होते. बंगाली मुलांच्या इंग्रजी पुस्तकांत पानोपानी नवे शब्द कोंबलेले असतात आणि ते पुन्हा भेटतही नाहीत, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी मोजके शब्द वापरून, नवा शब्द अंतराअंतराने आणून आणि तो पुन्हा पुन्हा योजून वाचनपुस्तकं तयार केली. पुढे १९५३मध्ये त्यांची सुमारे दोन हजार अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट आजही आपल्या कामाची आहे: वाचायला शिकायचं तर सोपं आणि भरपूर वाचायला मिळालं पाहिजे.

म्हणून धडा परीक्षेसाठी शिकवा, पण आठवड्यातले निदान दोन तास धड्याबाहेरच्या सोप्या उताऱ्यांना द्या. खालच्या इयत्तेचं पाठ्यपुस्तक चालतं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या गोष्टी मोफत आहेत, आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत. बसस्टँडवरचं वेळापत्रक, पाकिटावरची सूचना, सहलीची नोटीस हे सगळं वाचनसाहित्य आहे. शेवटी, स्वतः लिहा. गावातल्या माणसांवर, सुमनच्या उताऱ्यासारख्या सहा ओळी लिहायला रात्रीची पंधरा मिनिटं पुरतात, आणि अवघडपणा आपल्या हातात राहतो.

वाचण्याआधीची सात मिनिटं

अमेरिकेत १९८८मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल कोळून प्यालेली मुलं वाचनात तरबेज पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. हिमवादळावरचा धडा कोकणातल्या मुलाला कळला नाही, तर त्याचं कारण फक्त इंग्रजी नसतं.

तेव्हा विषयावर आधी मराठीत बोला. सुमनच्या उताऱ्याआधी विचारा: ‘तुमच्या गावाला शेवटची एसटी किती वाजता? ती चुकली तर काय करता? ती कधी उशिरा येते का?’ मुलं भरभरून बोलतील. कोणी वडापने गेल्याचं सांगेल, कोणी मामाकडे मुक्काम केल्याचं. या गप्पांत दोन-तीन इंग्रजी शब्द सहज पेरा: ‘स्टँडला पोहोचलो, म्हणजे आय रीच्ड द स्टँड.’

गोष्टीत काय होतं ते मात्र सांगू नका. अनेक शिक्षक प्रेमापोटी आधी सगळा सारांश देतात. मग मुलांना वाचायचं कारणच राहत नाही. नवे शब्दही चार-पाचच द्या, तेही ज्यांच्यावाचून गाडी अडेल असेच. ‘बास्केट’ नाही कळला तरी गोष्ट कळते, तो सोडून द्या. ‘स्टिल’ नाही कळला तर गोष्ट हातातून निसटते. तो द्या किंवा त्यावर नंतर मुद्दाम थांबा.

पहिलं वाचन मनात, आणि एका प्रश्नासाठी

फळ्यावर एकच प्रश्न लिहा: ‘शेवटी सुमन खूश आहे की काळजीत? कशावरून?’ मग तीन-चार मिनिटं पूर्ण शांतता. कोणी मोठ्याने वाचायचं नाही, तुम्हीही नाही.

एकेका मुलाने उभं राहून एकेक ओळ वाचायची ही आपली जुनी रीत आहे. त्यात मूल आपला नंबर कधी येणार आणि आपल्या वाट्याला कोणती ओळ येणार हे मोजतं, ती ओळ मनात पाठ करतं, आणि वाचून झाल्यावर सुटकेचा श्वास टाकून बसतं. बाकीचा उतारा त्याच्या कानावरून जातो. मोठ्याने वाचायला माझा विरोध नाही. त्याची जागा शेवटी आहे. अर्थ कळल्यावर जोडीजोडीने सुमन आणि ती बाई यांचे संवाद वाचू द्या, आवाजात आपोआप जान येते.

वाचताना अनोळखी शब्दाशी थांबायचं नाही, खाली बारीक रेघ मारून पुढे जायचं, हे सांगून ठेवा. पहिल्या वाचनानंतर शेजाऱ्याला मराठीत सांगू द्या: ‘मला वाटतं असं झालं.’ मतभेद होतील. वर्ग ‘बस चुकली’ आणि ‘नाही चुकली’ अशा दोन गटांत विभागला, तर तुमचा तास जमला म्हणून समजा. खरं उत्तर लगेच सांगू नका. ‘दोन्ही बाजूंनी उताऱ्यातून पुरावा आणा’ म्हणा आणि पुन्हा वाचायला लावा. मुलांना दुसऱ्यांदा वाचायचं कारण मिळतं ते असं.

वाक्य उलगडणं

माझ्या मते मराठी मुलांचं खरं अडतं ते इथे, आणि आपण सर्वांत कमी वेळ देतो तोही इथेच. शब्दार्थ फळ्यावर लिहून दिले की वाक्य कळेल, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. इंग्रजी वाक्य मराठीहून वेगळ्या क्रमाने चालतं आणि मूल मराठीच्या सवयीने वाचतं.

हे वाक्य द्या: ‘द वुमन हू सोल्ड व्हेजिटेबल्स टू माय मदर लिव्ह्ज इन वाडी.’ विचारा: वाडीत कोण राहतं? बरीच मुलं म्हणतील, ‘आई.’ कारण क्रियापदाच्या लगेच आधी ‘मदर’ आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘माझ्या आईला भाजी विकणारी बाई वाडीत राहते.’ वर्णन आधी येतं, बाई नंतर, म्हणून बाई आणि राहणं शेजारीशेजारी राहतात. इंग्रजीत वर्णन मध्ये घुसतं आणि कर्त्याची क्रियापदापासून ताटातूट करतं. उपाय सोपा आहे: ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ दिसलं की तिथून वर्णन संपेपर्यंतचा भाग कंसात टाकायचा आणि आधी कंसाबाहेरचं वाक्य वाचायचं. ‘द वुमन लिव्ह्ज इन वाडी.’ मग कंस उघडायचा: कोणती बाई? कंस कुठे बंद करायचा यावर मुलं चुकतील, भांडतील. भांडू द्या, त्यातच शिकणं आहे.

दुसरी सवय तिरप्या रेघांची. लांब वाक्य अर्थाच्या तुकड्यांत तोडायचं: ‘थ्री विमेन / वेअर स्टिल सिटिंग / ऑन द बेंच / विथ देअर बास्केट्स.’ सुरुवातीला रेघा तुम्ही मारून द्या, नंतर मुलांना मारू द्या. शब्दाशब्दाने वाचणारं मूल ‘ऑन’ म्हणजे ‘वर’, ‘द’ म्हणजे काहीच नाही, ‘बेंच’ म्हणजे ‘बाक’ असं तुटक वाचतं. ‘बाकावर’ असं एकगठ्ठा वाचायला लागलं, की वेग आणि समज दोन्ही वाढतात.

तिसरी गोष्ट सर्वनामांची. ‘शी’, ‘देम’, ‘इट’ यांना गोल करून ते ज्याच्याबद्दल आहेत तिथपर्यंत बाण काढायचा. सुमनच्या उताऱ्यात ‘देम’चा बाण तीन बायकांकडे जातो, तो सगळ्यांना जमतो. ‘इट’चा बाण काढायला गेलं की वर्ग अडतो. ‘इट इज लेट टुडे.’ काय लेट आहे? कोणी म्हणेल, ‘वेळ.’ कोणी म्हणेल, ‘सुमन.’ पण सुमनसाठी ‘इट’ येणार नाही, ‘यू’ येईल. मग मूल मागे मागे जात पहिल्या ओळीतल्या ‘बस’पाशी पोहोचतं आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. बस लेट आहे! म्हणजे ती अजून यायची आहे. म्हणून तर बायका ‘स्टिल’ बसल्या आहेत, म्हणून सुमन हसली. एक बाण नीट काढला आणि अख्खी गोष्ट सरळ झाली.

जोडशब्दांकडेही असंच बघा. ‘यू विल मिस द बस अनलेस यू रन’ हे वाक्य मुलं ‘पळालास तर बस चुकेल’ असं उलटं लावतात, कारण ‘अनलेस’ला ती ‘इफ’सारखं वागवतात. ‘द डॉग वॉज चेस्ड बाय द कॅट’ यात कुत्राच मांजरामागे धावतो असं सांगतात, कारण जे आधी आलं तोच कर्ता ही सवय पक्की असते, आणि जगाचा अनुभवही तेच सांगतो. अशी फसवी वाक्यं एका वहीत जमवा. रोज एक फळ्यावर लिहा आणि दोनच पर्याय द्या: कोण कोणाच्या मागे? ‘बट’, ‘सो’, ‘ऑल्दो’, ‘अनलेस’, ‘इन्स्टेड’, ‘स्टिल’ एवढे शब्द वर्षभरात पक्के झाले, तर शब्दार्थांच्या लांबलचक यादीपेक्षा जास्त काम होईल.

प्रश्न कसे विचारावेत

तीन तऱ्हांचे प्रश्न हवेत. उत्तर एका ओळीत सापडणारा: शेवटची बस किती वाजता? दोन ओळी जोडाव्या लागतील असा: सुमन बसच्या वेळेनंतर किती मिनिटांनी पोहोचली? आणि उताऱ्यात न लिहिलेलं ओळखायला लावणारा: ती बाई सुमनच्या चेहऱ्यात काय पाहते? पहिल्या तऱ्हेचे प्रश्न वर्गात उदंड विचारले जातात, ते एक-दोनच ठेवा. प्रश्नाचे शब्द उताऱ्यातल्या शब्दांहून मुद्दाम वेगळे घ्या. ‘व्हेन डिड सुमन रीच द स्टँड?’ याऐवजी ‘वॉज सुमन ऑन टाइम?’ असं विचारलं, की शब्द जुळवून ओळ उतरवण्याची वाट बंद होते.

प्रत्येक उत्तराला एकच पुरवणी प्रश्न जोडा: ‘कशावरून?’ मुलाने उताऱ्यातल्या शब्दावर बोट ठेवलं पाहिजे. बरोबर उत्तरालाही हा प्रश्न विचारा, नाहीतर ‘कशावरून’ म्हणजे ‘तुझं चुकलं’ असं मुलं समजू लागतात.

उत्तर आधी मराठीत घ्या. ‘सर, ती घाबरलेली दिसत होती, कारण ती सगळी वाट पळत आली होती.’ हे ऐकलं की आकलन झालं, हे तुम्हाला कळलं. इंग्रजीत सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. त्यासाठी फळ्यावर साचा द्या: ‘आय थिंक सुमन इज ... बिकॉज ...’ दोन्ही कामं एकाच वेळी मागितली, तर ज्याला कळलं आहे ते मूलही गप्प राहतं, आणि आपण समजतो की त्याला कळलं नाही.

विचार मोठ्याने करून दाखवा

चांगला वाचक डोक्यात काय करतो ते मुलांना दिसत नाही. आठवड्यातून एकदा, त्यांच्यासमोर नवा उतारा घेऊन मनातलं बोलत वाचा: ‘बस सहाची, ही सहा-दहाला आली. अरे, चुकली वाटतं. थांबा, बायका अजून बसल्या आहेत. बस गेली असती तर त्या कशाला बसल्या असत्या? माझा अंदाज बदलतो.’ अंदाज बदलताना मुलांनी तुम्हाला पाहणं फार महत्त्वाचं आहे. वाचताना आधीचा समज सोडून द्यावा लागतो, हे सांगून कळत नाही.

मोठ्या वर्गात गट कसे करावेत

ॲनमरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४मध्ये सातवीतल्या मुलांवर एक पद्धत वापरून पाहिली. ही मुलं वाचत होती, पण त्यांना कळत नव्हतं. थोडा भाग वाचायचा आणि चार कामं करायची: थोडक्यात सांगणं, प्रश्न विचारणं, अडलेलं सोडवणं, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं. आधी शिक्षक करून दाखवतात, मग मुलं आळीपाळीने शिक्षकाची जागा घेतात. मुलांचं आकलन लक्षणीय सुधारलं.

साठ मुलांच्या वर्गात गोल करून बसायला जागा नसते. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं, चौघांचा गट झाला. प्रत्येकाला एक काम, पुढच्या उताऱ्याला कामं बदलायची. अक्षरवाचनात कच्च्या मुलाला सुरुवातीला अंदाज बांधण्याचं काम द्या, त्यात तो बहुधा चमकतो. बोलणं मराठीत होऊ द्या, फक्त प्रश्न विचारणाऱ्याने एक प्रश्न इंग्रजीत लिहायचा. पहिले काही आठवडे गोंगाट होईल. मुख्याध्यापकांना आधी कल्पना देऊन ठेवा.

याच्या जोडीला कामासाठी वाचन हवं. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रास परिसरातल्या शाळांत जो प्रयोग केला, त्यात मुलांना व्याकरणाचे धडे न देता वेळापत्रकं, नकाशे यांवरची कोडी सोडवायला दिली. आपणही देऊ शकतो. इंग्रजीत लिहिलेलं बसचं वेळापत्रक आणि एक चिठ्ठी द्या: ‘आजीला दवाखान्यात अकराच्या आत पोहोचायचं आहे आणि तिला बस बदलता येत नाही.’ कोणती बस? मुलं इंग्रजी वाचतायत हे विसरून जातात. वाचनाला काम मिळालं की असं होतं.

परीक्षेचं काय

दहावीच्या प्रश्नपत्रिकेत अपठित उतारा असतोच, त्याखाली ए-वनपासून पुढच्या कृती असतात. वर सांगितलेल्या सरावाने त्या सुटतात, वेगळं काही करावं लागत नाही. फक्त दहावीच्या दिवाळीनंतर दोन गोष्टी सांगा. आधी कृती वाचायच्या, मग उतारा, म्हणजे काय शोधायचं ते माहीत असतं. आणि स्वतःचं मत विचारणारी कृती कोरी सोडायची नाही. दोन साधी, स्वतःची वाक्यं उताऱ्यातून उचललेल्या चार ओळींपेक्षा बरी.

प्रगती कशी पाहावी

महिन्यातून एकदा नवा, सोपा, न शिकवलेला उतारा द्या. पुस्तक मिटून मुलांनी तो मराठीत पाच-सहा ओळींत लिहायचा. तपासताना शुद्धलेखन बघू नका. तीन गोष्टी बघा: मुख्य घटना आली का, क्रम बरोबर आहे का, आणि न लिहिलेलं काही ओळखलं का. सुमनच्या उताऱ्यात ‘बस अजून यायची होती’ हे वाक्य ज्याच्या कागदावर आहे, त्याला उतारा कळला. ‘सुमनची बस चुकली’ असं लिहिणाऱ्यांची नावं एका बाजूला काढा आणि त्यांना पुढच्या तासाला जवळ बसवून फक्त ‘इट’चा बाण काढायला द्या.